खेळाचा तास मुलांना परत द्या : सातारा जिल्ह्यातील मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षकांना खुलं पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक सर, मॅडम आणि क्रीडाशिक्षक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या महिन्यात व्यावसायिक महिला गोल्फपटूंच्या स्पर्धेत पहिल्या दहांत आली. कोरेगाव तालुक्यातली पोरगी. वडील ट्रॅक्टर चालवतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. बातमी गावात पोचल्यापासून मला फोन सुरू आहेत. काही शाळांना तिचा सत्कार करायचा आहे, काहींना गुणगौरव समारंभात माझं भाषण ठेवायचं आहे, एका ठिकाणाहून तर फ्लेक्ससाठी फोटोही मागितला. सगळ्यांचे मनापासून आभार. मला तिचा किती अभिमान वाटतो हे लिहायला बसलो तर हे पत्र संपणार नाही. तिचं नाव मात्र इथं लिहीत नाही. हंगाम चालू आहे, तिचं लक्ष खेळावर राहू द्या.

सत्काराला माझी ना नाही. पण शाल-श्रीफळाच्या आधी तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. ही मुलगी घडली त्यात शाळेचा वाटा फार मोठा होता. तो वाटा नेमका कोणता, हे शाळांनाच ठाऊक नाही असं मला दिसतं. आणि जे तिला मिळालं तेच आज आपल्या शाळांमधून नाहीसं होत चाललंय, म्हणून हे पत्र.

माझी ओळख थोडक्यात देतो. मी सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. आपल्या जिल्ह्यात घरटी एक फौजी असतो, त्यातलाच एक. छावणीत असताना माझी ड्युटी काही वर्षं गोल्फ कोर्सवर लागली. आधी मैदानाची देखभाल, मग अधिकाऱ्यांच्या बॅगा, मग हळूहळू हातात काठी. पुढं प्रशिक्षकांच्या हाताखाली शिकलो आणि जवानांच्या, अधिकाऱ्यांच्या मुलांना शिकवायला लागलो. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा जुन्या काठ्यांचा एक संच आणि पोतंभर वापरलेले चेंडू एवढंच सोबत होतं. लोक मला मेजर म्हणतात. मी मेजर नव्हतो, पण आपल्याकडं प्रत्येक निवृत्त फौजी मेजरच असतो.

गोल्फ म्हटलं की आपल्या माणसाला हिरवंगार मैदान आणि पांढरी टोपी घातलेला साहेब दिसतो. त्यात खोटं काही नाही. हा खेळ आपल्या देशात 1829 पासून आहे, त्या वर्षी कोलकात्यात आजचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब सुरू झाला. इतक्या वर्षांत तो क्लब आणि छावणी यांच्या कुंपणाबाहेर फारसा आलाच नाही. तरी कुंपणाच्या आतही गरिबाची पोरं होतीच की. त्याच कोलकात्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरासिया 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. हे उदाहरण मी गावात किती जणांना सांगितलं असेल! ऐकून माना डोलावायचे आणि विचारायचे, "पर मेजर, आपल्याकडं हिरवळ कुठाय?"

हिरवळ नव्हती, माळ होता. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड उतार, पावसाळ्यात चार महिने गवत आणि बाकी आठ महिने तांबडी कडक जमीन. गुरं सकाळी वर जायची आणि दुपारी पाण्याला खाली यायची. ती खाली गेली की माळ आमचा. गुरांची जागा आम्ही कधी अडवली नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण गोल्फसाठी गायरान बळकावल्याची भलती चर्चा नको.

तर शाळा. त्या वेळी गावच्या शाळेत जे क्रीडाशिक्षक होते ते कबड्डीतले. स्वतः जिल्ह्याच्या संघातून खेळलेले, आवाज खणखणीत. गोल्फ त्यांनी टीव्हीवरसुद्धा कधी पाहिला नसेल. मी त्यांना भेटायला गेलो आणि म्हटलं, पोरांना काहीतरी नवीन दाखवतो, आठवड्यातून एखादा तास द्या. त्यांनी वेळापत्रक काढलं. बुधवारचा शेवटचा तास आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत कवायत झाल्यानंतरचा वेळ मला दिला. प्रयोगशाळेतल्या एका कपाटाची किल्लीही दिली, काठ्या ठेवायला. मुख्याध्यापिका बाईंनी एकच अट घातली, कुणाच्या डोक्याला चेंडू लागता कामा नये. बस्स. कोणत्या स्पर्धा आहेत, बक्षीस कधी मिळेल, शाळेचं नाव कधी येईल, यातलं एकही वाक्य त्या दोघांच्या तोंडातून आलं नाही. तेव्हा नाही आणि पुढच्या कित्येक वर्षांतही नाही.

माझी ही विद्यार्थिनी तेव्हा सहावीत होती. पहिल्या दिवशी तिचा एकही फटका चेंडूला लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला तो जमिनीवरून सरपटत गेला. इतर पोरं दोन-तीन आठवड्यांत कंटाळली, कारण गोल्फमध्ये आरडाओरडा नाही, पळापळ नाही, आणि चेंडू आणायला आपलं आपणच उतारावरून खाली जायचं. ही मात्र टिकली. काठ्या मोठ्या माणसांच्या होत्या. त्या मी हॅक्सॉनं कापून आखूड केल्या आणि सायकलच्या हँडलचं रबर चढवलं. अशा काठीचा तोल बिघडतो, जाणकाराला हे वाचून वाईट वाटेल, पण मुलांसाठी नवा संच घ्यायचा तर हजारोंच्या घरात जातो. तो कुठून आणणार?

माळावर एक अडचण होती. मुरमावर ठेवलेला चेंडू मारताना काठीचं डोकं आधी जमिनीला लागलं तर ते आदळून वर उडतं आणि चेंडूच्या डोक्यावर बसतं. मनगटाला झिणझिण्या येतात, आणि चेंडू भलतीकडं. हिरवळीवर शिकणाऱ्या मुलाला हे कळतच नाही. गवत थोडी माफी देतं, मुरूम देत नाही. त्यामुळं आमच्या पोरांना पहिल्या दिवसापासून आधी चेंडू आणि मग जमीन असंच मारायला लागायचं. वजन पुढच्या पायावर, हात चेंडूच्या जरा पुढं, आणि उचलायची घाई नाही. सुरुवातीला काथ्याचं पायपुसणं अंथरून त्यावर चेंडू ठेवायचो. वर्षभरानं तिनं स्वतःच ते बाजूला सारलं.

पटिंगसाठी, म्हणजे चेंडू हळूच ढकलून भोकात घालायच्या सरावासाठी, जागा तर त्याहून अवघड. सैन्यातल्या कोरड्या भागातल्या मैदानांवर भोकाभोवती गवताच्या ग्रीनऐवजी, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीऐवजी, तेल मिसळलेल्या वाळूचे ब्राऊन असायचे, ते मला आठवत होतं. पण वाळू आणि तेल आणायचं कुठून? तोडगा त्या मुलीच्याच घरी निघाला. मळणी यंत्र आल्यापासून खळी गेली, तिच्या आजोबांनी मात्र घरामागचं खळं मोडलं नव्हतं. तिची आजी ते शेणानं सारवून ठेवायची. मधोमध तिवडा रोवायचा खड्डा होता, त्यात आम्ही पाण्याच्या पाईपलाईनचा उरलेला पीव्हीसीचा तुकडा बसवला. गोल्फचं भोक 108 मिलिमीटरचं असतं. शेतात घालतो तो 110 चा पाईप बाहेरून 110 असतो, आतून 108 पेक्षा लहान भरतो. म्हणजे पोरगी खऱ्यापेक्षा लहान भोकात चेंडू घालायला शिकली.

खळं दिसायला सपाट, पण पाणी जाण्यापुरता उतार त्याला असतोच. चेंडू सरळ मारला तरी पोचेपर्यंत डावीकडं वळायचा. मी तिला सांगत होतो, उतार डोळ्यांनी वाच, खाली बसून बघ. तिला जमेना. एका सकाळी आजी खळ्यावर सडा टाकत होती आणि ही शेजारी उकिडवी बसून पाणी कुठून कुठं ओघळतंय ते बघत राहिली. मग बोटानं मला दाखवलं, "सर, चेंडू पण असाच जाणार." मी सैन्यात मोठमोठ्या प्रशिक्षकांकडून उतार वाचायचं शिकलो होतो, इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं की ही मुलगी पुढं जाणार.

आणि तरीही पुढची चार वर्षं तिच्या नावावर काही नव्हतं. ना पदक, ना प्रमाणपत्र. हा भाग कृपया सावकाश वाचा. बातमीत तो येत नाही आणि माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

आठवीत तिची उंची एकदम वाढली. पालकांना आनंद होतो, प्रशिक्षकाच्या पोटात गोळा येतो. हात-पाय लांब झाले की जुनी लय मोडते. काल ज्या काठीनं चेंडू शंभर मीटर सरळ जायचा, तो आज कधी सत्तर मीटर जातो, कधी बाभळीत. मुलाला वाटतं आपल्याला येत होतं ते सगळं गेलं. खेळ कोणताही असो, या वयात पोरं सोडून जातात, मुली तर जास्तच. त्यात घरची कामं वाढलेली असतात, अंग बदलत असतं, आणि गावातल्या बाया विचारायला लागतात की एवढी मोठी पोर माळावर काय करते. त्या वर्षात कुणी तिच्याकडं निकाल मागितला असता तर ती मोडली असती. मी तिला काही महिने लांबचे फटके मारूच दिले नाहीत. खळ्यावर पटिंग आणि माळावर वीस-तीस पावलांचे छोटे फटके, एवढंच. शाळेनं काय केलं? काहीच नाही. बुधवारचा शेवटचा तास तसाच चालू ठेवला. वार्षिक अहवालात विशेष प्रावीण्याच्या रकान्यात तिचं नाव आलं नाही, म्हणून तिचा तास कुणी काढून घेतला नाही. नववीत लय परत आली, पहिल्यापेक्षा चांगली.

आता आजचं चित्र सांगतो. हल्ली माझ्याकडं पालक येतात ते जूनमध्ये, पोरगं नववीत गेलं की. पहिला प्रश्न ठरलेला: "मेजर, गोल्फला दहावीत किती मार्क वाढून मिळत्यात?" दुसरा प्रश्न: "कबड्डीत लय गर्दी हाय. ह्यात पोरं कमी, म्हंजी लगीच नंबर लागंल न्हवं?" त्या माणसांना मी दोष देत नाही. खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, आणि शेतकऱ्याच्या पोराला एकेक गुण महत्त्वाचा असतो. या सवलती खऱ्या खेळाडूंसाठी आहेत आणि त्या राहिल्याच पाहिजेत. पण पोरगं खेळायला लागायच्या आधी प्रमाणपत्राचा हिशोब झाला, की पुढं काय होतं ते मी पाहिलंय. ज्या खेळात स्पर्धक कमी तो शोधायचा, एक वर्ष कसंबसं रेटायचं, कागद मिळाला की काठी अडगळीत. दहावीच्या निकालानंतर त्यातलं एकही पोरगं मला माळावर दिसलेलं नाही. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली आणि ज्यांनी खरोखर घाम गाळला त्यांनाही पडताळणीच्या खेटा घालायला लागल्या, तेही याच घाईतून.

आणि दुसऱ्या बाजूनं खेळाचा तास आक्रसत चाललाय. एका शाळेत मी परवानगी मागायला गेलो होतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण तशा अनेक आहेत. वेळापत्रकात आठवड्याला शारीरिक शिक्षणाचे तास छापलेले होते. प्रत्यक्षात नववी-दहावीचे ते सगळे तास गणित आणि विज्ञानाला दिलेले. मैदानाच्या अर्ध्या भागात शिक्षकांच्या मोटारसायकली, उरलेल्या भागात बांधकामाची खडी. क्रीडाशिक्षकांना विचारलं तर म्हणाले, "मेजर, मी सध्या शिष्यवृत्तीचं रजिस्टर आणि पोषण आहाराचा हिशोब बघतो." सांगताना ते ओशाळले होते. चांगला खेळाडू माणूस. मला त्यांची फार कणव आली.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरपेक्षा जास्त मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, हेही त्यात आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर खेळ हा अभ्यासक्रमाचाच भाग मानलाय. जिल्हा परिषदेच्या शाळांना माणसं कमी पडतात, पदं भरली जात नाहीत, याची मला जाणीव आहे. तो वाद शासनाशी आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूनं उभा राहीन. पण जो तास वेळापत्रकात छापलेला आहे तो मुलांना द्यायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. ते पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या नावांकडं जरा या नजरेनं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीहून कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये शिकलेले आणि त्यांच्या प्रवासासाठी तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्यानं, पदक मिळायच्या आधी! चार वर्षांपूर्वी लंडनला खाशाबा सहावे आले होते, म्हणजे तेव्हाही हात रिकामेच होते. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिरंदाजीत टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिम्पिकला गेला. त्याचे आई-वडील मजुरी करायचे. त्याच्यातला खेळाडू पहिल्यांदा दिसला तो जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांना, आणि तेव्हा तो इतका अशक्त होता की पळताना दम लागायचा. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीची जगज्जेती झाली, तिचे वडील शिक्षक. या सगळ्यांची नावं आपण परिपाठात सांगतो, चित्रकला स्पर्धेला विषय म्हणून देतो. त्यांच्या मागं कुणीतरी एका शिक्षकानं, निकाल हातात नसताना, वेळ दिला होता. परिपाठात तेही सांगावं असं मला वाटतं.

माझ्या विद्यार्थिनीकडं परत येतो. दहावी झाल्यावर ती पुण्याला मावशीकडं गेली. तिथं पहिल्यांदा तिनं खऱ्या ग्रीनवर पाय ठेवला. पहिल्या दिवशी तिनं मला फोन करून सांगितलं की गवतावर चेंडू इतका हळू जातो की तिचे सगळे पट, म्हणजे पटिंगचे फटके, भोकाच्या अलीकडंच थांबतायत. खळ्याची सवय! 2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली तेव्हा ती पहाटेपासून टीव्हीसमोर होती, आणि इकडं गावात तिच्या आजीनं शेजारणींना बसवून गोल्फ दाखवला. त्या पहाटेनंतर माळावर नेण्यासाठी मला कुणाची मनधरणी करावी लागली नाही. पुण्यातले प्रशिक्षक चांगले मिळाले, त्यांनी तिला खूप वर नेलं. त्यांचं श्रेय त्यांना आहे आणि ते मी ठिकठिकाणी सांगतो. हौशी स्पर्धांमध्ये ती आधी मागं राहिली, मग मधे आली, मग एकेक करून बक्षिसं यायला लागली. आणि एक दिवस तिनं व्यावसायिक व्हायचं ठरवलं.

गेल्या महिन्याची ती स्पर्धा तीन दिवसांची होती. रोज अठरा भोकं, एकूण चोपन्न. दोन दिवसांनंतर कट लागतो, म्हणजे ठरावीक आकड्यापेक्षा जास्त फटके लागलेले खेळाडू घरी जातात, कारण गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. घरी गेलं की बक्षिसाचा एक रुपयाही नाही, प्रवास आणि राहण्याचा खर्च अंगावर. मी तिथं नव्हतो, इथं मोबाईलवर आकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी दोन भोकं राहिली तेव्हा ती बरोबर रेषेवर होती. एक फटका जास्त झाला असता तरी बाहेर.

सतराव्या भोकाला तिचा पहिला फटका झाडांखाली गेला. पुढं काय झालं ते तिनं रात्री सांगितलं. त्या झाडांखाली गवत मेलेलं होतं, उन्हानं तापलेली टणक जमीन, आणि चेंडू त्यावर उघडा पडलेला. समोर खाली झुकलेली फांदी. चांगले चांगले खेळाडू अशा जागी गोंधळतात, कारण सगळं आयुष्य गवतावर गेलेलं असतं. काठी जमिनीवर आदळेल म्हणून हात आखडतो आणि तेच होतं. ती म्हणाली, "सर, आपल्या माळासारखी जमीन होती. बघून बरं वाटलं मला." चेंडू मागच्या पायाकडं घेतला, वजन पुढं, हात पुढं, आणि अर्धाच झोका. चेंडू फांदीखालून निघाला, दोन टप्पे घेऊन ग्रीनच्या कडेला गेला. तिथून दोन पट. पार, म्हणजे त्या भोकाला ठरवून दिलेले तेवढेच फटके. अठराव्यालाही पार. कटमध्ये आत, आणि शेवटच्या दिवशी ती इतकी सुंदर खेळली की थेट पहिल्या दहांत.

मी हे आकडे बघत होतो तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या बायकोला कळेना की मी रडतोय का हसतोय. सैन्यात असताना पदकं पाहिली, परेड पाहिल्या, पण असं मला कधी झालं नव्हतं. तो सतराव्या भोकाचा फटका पुण्यात शिकवता आला नसता. माझ्याच्यानंही एकट्यानं शिकवता आला नसता. बुधवारच्या शेवटच्या तासांत, शाळेनं काहीही न मागता दिलेल्या त्या वेळात, मुरमावर आपटून-आपटून तो तिच्या हातात बसला होता.

आणि रात्री फोनवर ती पहिल्यांदा काय बोलली असेल? कितवी आली ते नाही. "सर, शेवटच्या दिवशी बाराव्याला तीन पट लागले, काय चुकलं असेल?" अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. मग तिनं कबड्डीच्या सरांचा नंबर मागितला. ते आता निवृत्त होऊन खटाव तालुक्यात शेती बघतात. तिनं त्यांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सरांचा मला आला. सर बोलेचनात, नुसतं "मेजर, मेजर" म्हणत राहिले.

त्यामुळं माझी पहिली विनंती अशी, की तिचा सत्कार करायचाच असेल तर कबड्डीच्या त्या सरांना आणि त्या मुख्याध्यापिका बाईंना व्यासपीठावर बोलवा. ती हंगाम संपवून दिवाळीत गावी येणार आहे, तेव्हा करा. फ्लेक्सचा खर्च टाळता आला तर टाळा. त्या पैशात मुलांसाठी चेंडू येतील, गोल्फचे नाही तर फुटबॉल घ्या, व्हॉलीबॉल घ्या, त्यात काही फरक पडत नाही.

दुसरी आणि खरी विनंती तासाची. येत्या जूनपासून पाचवी ते आठवीचा शारीरिक शिक्षणाचा एकही तास दुसऱ्या विषयाला देऊ नका. या चार इयत्तांच्या मुलांकडून स्पर्धेचा निकाल मागू नका. क्रीडाशिक्षकांचं मूल्यमापन किती पदकं आली यावर न करता किती पोरं मैदानावर आली आणि पुढच्या वर्षी त्यातली किती टिकली यावर करा. आठवीतल्या मुलींची हजेरी वेगळी बघा, कारण गळती तिथंच आहे. पालकांनी गुणांचं विचारलं तर त्यांना मान देऊन सांगा, की गुण मिळतील, पण आधी चार वर्षं पोराला खेळू दे.

पाण्याचा प्रश्न कुणीतरी काढेलच, म्हणून तेही स्पष्ट करतो. मी गोल्फ कोर्स मागत नाही. अठरा भोकांच्या मैदानाला शंभराहून जास्त एकर जागा आणि भरपूर पाणी लागतं, आणि ज्या जिल्ह्यात माण-खटावच्या वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात तिथं तसली मागणी करायला माझी जीभ रेटणार नाही. शाळेच्या मैदानावर छिद्रांचे हलके प्लॅस्टिकचे चेंडू चालतात, ते लांब जात नाहीत आणि लागले तरी इजा होत नाही. खरे चेंडू मारायचे तर दीडशे-दोनशे मीटरचा मोकळा माळ पुरतो, कोरडा असला तरी उत्तमच.

कोरेगाव, खटाव आणि सातारा तालुक्यांतल्या ज्या शाळा छापलेला तास मला देतील, तिथं मी स्वतः काठ्या आणि चेंडू घेऊन येईन. मानधन नको, जेवणाचीही सोय नको. शाळेनं तीन गोष्टी कराव्यात: काठ्या ठेवायला कुलूप लागेल असं कपाट, मैदानावर हजर राहणारा एक शिक्षक, आणि मुलांना पहिल्याच दिवशी ही सक्त ताकीद, की काठी फिरत असताना कुणीही मागं किंवा बाजूला दहा पावलांच्या आत उभं राहायचं नाही. मे महिन्यात वेळापत्रक करताना मला कळवलंत तर वार ठरवून घेता येतील. बुधवार आधीच दिलेला आहे.

आपला,
एक निवृत्त फौजी आणि गोल्फ प्रशिक्षक
कोरेगाव तालुका, जि. सातारा